आमच्याकडचा उन्हाळा

दिवाळीच्या अंकासाठी उन्हाळ्यावर लिहिणारा माणूस एक तर विक्षिप्त असला पाहिजे, नाही तर वऱ्हाडातला. मी दुसऱ्या वर्गात मोडतो; पहिल्याविषयी आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही. उटणे लावून कढत पाण्याचे तांबे अंगावर घेताना पुण्या-मुंबईच्या वाचकाला वैशाखाची आठवण होणार नाही, हे मी जाणतो. पण आमच्या मानोऱ्याला उन्हाळा हा नुसता एक ऋतू नव्हे. पावसाळा आणि हिवाळा हे आमचे पाहुणे. येतात, चार दिवस राहतात, हवा-पाण्याची विचारपूस करतात आणि जातात. घरचा माणूस उन्हाळाच. आणि घरच्या माणसाविषयी बोलायला मुहूर्त थोडाच पाहावा लागतो?

मानोरा ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी ते नकाशावर वाशीम जिल्ह्यात शोधावे. १९९८ सालच्या १ जुलैला अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही जागचे न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. उन्हाने मात्र ही विभागणी अद्याप मनावर घेतलेली नाही. अकोल्यास पडते तसेच ते आमच्याकडेही पडते. तालुक्यातून अरुणावती नदी वाहते. म्हणजे पावसाळ्यात वाहते. वैशाखात ती नदी नसून गोट्यांची एक रुंद पायवाट असते.

विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र यांत फरक आहे, ही गोष्ट सरकारदरबारी ज्या थोड्या बाबतींत निर्विवाद मान्य झाली आहे त्यांतली एक म्हणजे शाळा उघडण्याची तारीख. बाकीच्या महाराष्ट्रातली मुले जूनच्या मध्यावर दप्तरे घेऊन निघतात. आमची मुले त्यानंतरही आठ-पंधरा दिवस घरीच असतात. अनुशेष म्हणतात तो असाही असतो, पण याबद्दल आमच्या एकाही मुलाने आजवर तक्रार केलेली नाही.

माझे मेहुणे पुण्याला असतात. एप्रिलमध्ये पारा अडतीसला टेकला की त्यांचा फोन येतो, ‘अहो, इथे भयंकर उकडतंय!’ आमच्याकडे मे महिन्यात अडतीस अंश असले तर शेजारी आभाळाकडे पाहून विचारतात, ‘आज पाणी येते का काय जी?’ हवामानखात्याच्या हिशेबाने सपाटीवरच्या गावी पारा निदान ४० अंशांवर जावा आणि त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी चढलेला असावा, तेव्हा ती उष्णतेची लाट. किंवा सरळ ४५ गाठले तरी लाट. आता ज्यांची सरासरीच बेचाळीसच्या आसपास घुटमळते त्यांनी काय करावे? त्रेचाळीस अंशांचा दिवस ही आमच्याकडे लाट नसते, मंगळवार असतो.

मेहुणे एकदा मे महिन्यात आले होते. स्टँडवर उतरून घरापर्यंत पायी आले, आणि ‘तुम्ही लोक इथे राहता कसे?’ एवढे एकच वाक्य दिवसभर निरनिराळ्या चालींवर म्हणत राहिले. चौथ्या दिवशी परत निघताना त्यांचा पाय निघेना. त्या चार दिवसांत त्यांनी जे पाहिले, खाल्ले आणि मुख्य म्हणजे जे झोपले, त्याविषयी आधी सांगतो. धोक्याचे पुढे आहेच.

आमच्या उन्हाळ्यात दिवसाचे दोन तुकडे असतात आणि मधली दुपार वजा असते. पहाटे चारला गाव जागे होते. रानात मोहाची फुले पहाटेच गळतात, ती वेचायला गेलेली माणसे ऊन चढण्यापूर्वी टोपल्या भरून परततात. सातपर्यंत घराघरांतून बायकांनी खाटांवर, धोतरांवर, जुन्या लुगड्यांवर वाळवणे मांडलेली असतात. शेवया, कुरडया, पापड, खारोड्या. आणि सरगुंडे! ज्याने आमरसात सरगुंडे खाल्ले नाहीत त्याने विदर्भाविषयी मत देऊ नये असा नियम करावा असे मला फार दिवसांपासून वाटते. काडीवर कणकेची तार गुंडाळून ती अलगद ओढून काढायची, वाळवायची आणि वर्षभर पाहुण्यांची वाट पाहायची. वाळवणाच्या राखणीला काठी घेऊन पोरे बसवतात. चिमण्यांनी खाल्ले त्यापेक्षा राखणदारांनी अर्धे ओले पापड किती खाल्ले, याचा हिशेब कुठल्याच घरात कोणी ठेवत नाही.

जुन्या घरांतून अजून एक रिवाज आहे. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर पुजून त्यांना पाणी द्यायचे, आणि मगच आपण नव्या माठातले पाणी प्यायचे, मगच आंबा खायचा. मला या रिवाजातली माणसांची समज आवडते. ज्या मुलुखात पाणी ही वैशाखातली सर्वांत महागडी वस्तू, त्या मुलुखातल्या माणसाने मेलेल्यांसाठी दुसरे काय राखून ठेवावे?

चैत्रात रामनवमीला आमच्याच तालुक्यात पोहरादेवीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, आणि देशभरातल्या बंजारा समाजाची माणसे तेथे लोटतात. त्या दिवसांत रस्त्यावरून चालणाऱ्यांची रांग तुटत नाही. वाटेवर जागोजागी पाणपोया असतात. रांजणाला ओले फडके गुंडाळलेले, बाजूला कोणी वृद्ध गृहस्थ पंचपात्री घेऊन बसलेले. मराठीचा अध्यापक असल्यामुळे मला तेथे हटकून ‘गाथा सप्तशती’ आठवते. हालाच्या त्या संग्रहात एक पाणपोई आहे. वाटसरू पाणी घालणारीच्या तोंडाकडे पाहता यावे म्हणून ओंजळीची बोटे सैल सोडतो, आणि ती बाईही तितकीच चतुर, ती धार बारीक करते. ही गाथा वर्गात शिकवताना मागल्या बाकांवरची मुले वर्षातून एकदाच अतिशय एकाग्र असतात. मला त्यात शृंगाराइतकेच दुसरेही काही दिसते. ज्या प्राकृतात ही गाथा लिहिली गेली ती आपल्या मराठीची पूर्वज, आणि त्या लोकांनाही उन्हात चालून आलेल्या माणसाला पाणी पाजण्याची सोय रस्त्यावर करावी लागत होती. उन्हाळ्यातले सुख आणि उन्हाळ्याचा बंदोबस्त या दोन गोष्टी तेव्हापासून एकाच रांजणात आहेत.

दुपारी बारा ते चार गावात कुत्रेही हिंडत नाही. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाण्याचा शिपका, आणि अंधाऱ्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर उघड्या पाठीने पडायचे. मी आयुष्यात जे काही खरे वाचन केले ते लहानपणी अशा दुपारी केले. पुढे परीक्षेसाठी केले ते वेगळे. वैशाखातल्या दुपारी ज्या कादंबरीवर झोप येत नाही ती कादंबरी चांगली, हा माझा समीक्षेचा निकष आहे. तो वर्गात सांगता येत नाही, कारण विद्यार्थी माझ्या तासावर तो लागू करतील.

आणि मग रात्र. मेहुणे गुंतले ते रात्रीत. सूर्य कलला की अंगणात पाण्याचा सडा मारायचा. तापलेली माती प्रथम चुरचुरते, वाफ सोडते आणि मग निमूट होते. नवाच्या सुमाराला बाजा बाहेर येतात. पांढरी चादर, उशाला तांब्या, डोक्यावर सप्तर्षी, आणि आग्नेयेकडून हळूहळू वर चढणारा वृश्चिक. पलीकडच्या बाजेवरून आजी कोणाच्या तरी सोयरिकीची हकीगत सांगत असते. ती कुठे संपली ते कोणालाच कळत नाही, कारण ऐकणारे आधी झोपतात. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’ची सुरुवात ग्रीष्माने केली आहे, आणि त्यात उन्हाने व्याकूळ झालेला बेडूक सापाच्या फण्याच्या सावलीत बसतो. हा कविसंकेत आहे असे पुण्याच्या विद्वानांना वाटेल. आमच्या गल्लीत दोन भाऊ राहत. शेताच्या बांधावरून त्यांची दावेदारी वर्षानुवर्षे कोर्टात चालू होती, दिवसा एकमेकांचे तोंड पाहत नसत. पण वारा यायचा तो गल्लीच्या एकाच बोळातून, त्यामुळे वैशाखात दोघांच्या बाजा हातभर अंतरावर लागायच्या. रात्री एकाला खोकला आला की दुसरा तांब्या पुढे करी. सकाळी पुन्हा दावा सुरू.

आता या सगळ्या सुखांच्या मुळाशी काय आहे ते आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला एका वाक्यात सांगितले: ‘सर, पाणी वाळतं म्हणून आपण जगतो.’ माठातले पाणी झिरपते आणि बाहेर वाळते, म्हणून आतले गार होते. वाळ्याच्या ताटीवरचे पाणी वाळते म्हणून खोली गार होते. सड्याचे पाणी वाळते म्हणून अंगण गार होते. आणि घाम वाळतो म्हणून माणूस गार राहतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आमची हवा मे महिन्यात इतकी कोरडी, की तिला पाणी दाखवायचा अवकाश, ती पिऊन टाकते. त्रेचाळीस अंशांत आम्ही हसतखेळत राहतो ते शौर्यामुळे नव्हे, कोरडेपणामुळे.

पण हे ध्यानात आले की त्याची दुसरी बाजूही दिसू लागते. वाळायला पाणी असले पाहिजे, वाळवायला कोरडी हवा असली पाहिजे, आणि जवळ कोणी माणूस असले पाहिजे. यातले एक निसटले की सुखाचा उन्हाळा पाहता पाहता वैरी होतो.

आमच्याकडे त्या वैऱ्याला ‘लू’ म्हणतात. चारी दिशांनी भट्टीचे दार उघडल्यासारखा वारा. मेहुण्यांना पहिल्या दिवशी वाटले की बाहीचा सदरा काढून बंडीवर हिंडावे. आमच्या शेजारच्या काकांनी त्यांना फाटकातच अडवले. ‘पाहुणे, भर दुपारचे कुठी चालले? आन् ते डोक्याले, कानाले बांधा ना काही!’ ज्या वाऱ्याचे तापमान आपल्या अंगाहून अधिक, तो वारा अंगावर घेणे म्हणजे अंग शेकणे; म्हणून वऱ्हाडी माणूस उन्हात कपडे काढत नाही, चढवतो. डोक्याला दुपट्टा, कान झाकलेले, खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, परंतु खिशात कांदा ठेवणारा माणूस उन्हाचे भान ठेवूनच घराबाहेर पडतो, तेवढे काम कांदा करतो. पन्ह्याची गोष्ट निराळी. कैरी, गूळ आणि मीठ हे घामाने गेलेल्या गोष्टी परत करण्याचे शहाणे साधन आहे. पंख्याविषयी मात्र आमच्या जुन्या माणसांना जे ठाऊक होते ते जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवतो. आमची आजी दुपारी पंखा बंद करून ओला पंचा अंगावर घेई. आम्ही तिला काटकसरी समजत होतो.

ऊन लागलेला माणूस कसा दिसतो हे मी प्रथम परीक्षेच्या दालनात पाहिले. विद्यापीठांच्या परीक्षांना ‘उन्हाळी परीक्षा’ असे सार्थ नाव आहे. दुपारची वेळ, वर पत्रे, एका बाजूला मुलांची मने तापलेली आणि दुसऱ्या बाजूला पत्रे. मी पर्यवेक्षक होतो. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा, खेड्यावरून सायकलने आलेला, फार भराभर लिहीत होता. जवळून जाताना सहज पाहिले, तर एकच वाक्य चार वेळा लिहिले होते आणि पाचव्यांदा सुरू होते. ‘काय रे, बरे वाटते ना?’ विचारले. त्याने मला कोणत्या तरी गाडीची वेळ सांगितली. अंगाला हात लावला तर तव्यासारखे, आणि घामाचा थेंब नाही. आमचा शिपाई पाण्याची कळशी घेऊन फिरत होता. त्याने एका नजरेत ओळखले. ‘सर, याले ऊन लागलं. पाणी पाजू नका आत्ता, ठसका लागन. पयले अंग भिजवा.’ त्याने कळशी मुलाच्या डोक्यावरून मोकळी केली, दोन पुठ्ठे घेऊन वारा घालायला दोघांना लावले, माठाच्या बुडातले गार फडके काखेत आणि मानेवर ठेवले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत भिजवणे थांबवले नाही. डॉक्टर म्हणाले, ‘आणताना वाटेतच निम्मं काम झालं.’ शरीराची उष्णता चाळीसच्या वर गेली आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. तेथून पुढे मिनिटे मोजायची असतात. मुलगा वाचला. त्या पेपरात नापास झाला आणि पुढच्या हिवाळी परीक्षेत पास झाला.

घाम वाळू देणारी हवा नसेल तर काय होते, हे साऱ्या महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला पाहिले. पुरस्काराचा सोहळा, उघडे मैदान, लाखोंचा समुदाय, सकाळपासून डोक्यावर ऊन. चौदा माणसे दगावली. त्या दिवशी तिकडचा पारा चाळिशीच्या पुष्कळ खाली होता. आमच्याकडे कित्येक जण म्हणाले, ‘एवढ्याशा उन्हात?’ हा प्रश्न वऱ्हाडी अहंकाराचा आहे. समुद्राकाठची दमट हवा घाम पीत नाही. घाम निथळतो, अंग मात्र थंड होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाचे आभाळ भरून येते आणि पाऊस पडत नाही, तेव्हा आमचीही तीच गत होते. पारा चार अंश उतरलेला असतो आणि माणसे अधिक कासावीस होतात, कूलर नुसता चिकट वारा फेकतो.

तेव्हा पाऱ्याचा आकडा हे उन्हाळ्याचे पुरते माप नव्हे. आम्हांला मात्र आकड्यांचा अभिमान फार. नागपूरकरांना २३ मे २०१३ चे ४७.९ अंश अजून पदकासारखे मिरवावेसे वाटतात. गेल्या वर्षी-दोन वर्षांत झाली ती गंमत तर आणखी मोठी. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. गावोगाव फोन खणखणले, ‘पाह्यलं का, जगात पयला नंबर!’ हवामानखात्याने यंत्र बिघडल्याचा खुलासा केला, तेव्हा पुष्कळांचा चेहरा निकालात गुण कमी झाल्यासारखा झाला.

या अभिमानापायी लग्ने भर वैशाखात लागतात. शेतीची कामे नसतात हे खरे कारण. ते रास्तही आहे. पण जुन्या मांडवावर हिरव्या डहाळ्या असत. त्या स्वतः घाम गाळून खालच्या माणसांना सावली देत. आता वर पत्रा किंवा रंगीत कापड, मुहूर्त बारा-पंधराचा आणि वरात दोन तास उशिरा, कारण नवरदेवाचे मित्र डांबरी रस्त्यावर नाचत असतात. अक्षता हातात घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांच्या घशाला कोरड पडते आणि पाण्याच्या टाकीपाशी पोरांची गर्दी. मंगलाष्टके म्हणणारे गुरुजीच काय ते वेळेचे भान ठेवून असतात, कारण त्यांना पुढच्या गावी दुसरे लग्न लावायचे असते.

कूलरविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. विदर्भातल्या घरात देवघर एक वेळ नसेल, कूलर असतो. तो वाळ्याच्या ताटीचाच धाकटा भाऊ. ताटीवर पाणी, मागून पंखा, तत्त्व तेच. पण या भावाच्या अंगात वीज आहे. पत्र्याचे खोके, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप, जमिनीवर सांडलेले पाणी आणि अनवाणी माणूस. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते: कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का. कधी गृहिणी, कधी खेळता खेळता टेकलेले मूल. माझ्या वर्गातली एक मुलगी एका वर्षी जुलैत उशिरा रुजू झाली. विचारले तर म्हणाली, ‘सर, लहान भाऊ कूलरले चिकटला.’ पुढे विचारण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा जे लिहायचे ते अगदी सरळ लिहितो. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करू नये, वायर बोर्डातून उपटून काढावी. घराला अर्थिंग आहे का, हे वायरमनला विचारावे आणि त्याच्या ‘आहे की’वर विसंबू नये, तपासून घ्यावे. तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे एक छोटे खटक्याचे यंत्र मिळते. त्याची किंमत कूलरच्या किमतीहून पुष्कळ कमी असते. लग्नात जावयाला कूलर देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. कूलरबरोबर ते यंत्रही द्यावे; जावई टिकतो.

कूलर पाणीही मनस्वी पितो. माझ्या घरचा साठ लिटरचा आहे. दुपारी भरला तर संध्याकाळी रिता. आमच्या तालुक्यातल्या टेकड्यांवर बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या की तेथल्या बाया पहाटे दोन-दोन घागरी डोक्यावर घेऊन चढ चढतात. पाणी म्हणजे गारवा, हे गणित तेथे असे उलटे होते: गारव्याचे साधन आणण्यासाठी उन्हात जायचे. माझ्या खिडकीत संध्याकाळपर्यंत जेवढे पाणी उडून जाते तेवढ्यात तांड्यावरच्या एका घराचा दिवस निघतो. हे मला कूलरच्या वाऱ्यात बसूनच सुचले, हेही खरे.

आणि ती अंगणातली रात्र? ती आता मानोऱ्यातही आटत चालली आहे. अंगणाच्या जागी स्लॅबची घरे झाली. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आपली उष्णता खोलीत सोडत राहते. दिवसाच्या उन्हाने शिणलेले शरीर रात्रीच्या गारव्यात स्वतःची डागडुजी करते. रात्रही तापलेली राहिली की डागडुजी होत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस खचतो. दारे बंद, प्रत्येक खोलीत वेगळा कूलर. पलीकडच्या बाजेवर कोण खोकते आहे हे ऐकू येत नाही.

याचा अर्थ काय होतो, हे कळायला आपल्याहून फार थंड अशा एका मुलुखाकडे पाहावे लागते. फ्रान्समध्ये उन्हाळा म्हणजे सुट्टीचा, समुद्रकाठचा, आनंदाचा काळ. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये तेथे उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत वृद्ध फार होते, आणि पुष्कळसे एकटे राहणारे. मुलेबाळे सुट्टीवर गेलेली. ज्यांना न्यायला कोणीच आले नाही अशा ५७ जणांचे दफन ३ सप्टेंबरला पॅरिसजवळ झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उभे होते. आपल्याकडे अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतर मोजले गेले. तेथल्या महापालिकेने त्यापासून धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आधी सूचना, जागोजागी पाणी, कामाच्या वेळांत बदल, दवाखान्यांत तयारी. पुढे नागपूरनेही तसा केला. शहरांना आराखडा असतो. तांड्याला कोण करणार?

कारण वैशाखात आमच्या कित्येक तांड्यांवर पॅरिससारखीच स्थिती असते. सुट्टीमुळे नव्हे, पोटामुळे. हातीपायी धड माणसे कामाला बाहेरगावी गेलेली असतात. मागे म्हातारी माणसे, दोन शेळ्या आणि पत्र्याचे छप्पर.

आमच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला तांड्यावरचा एक विद्यार्थी आहे. आईबाप कामावर, घरी तो आणि आजी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात डॉक्टरांचे उष्माघातावर व्याख्यान झाले. बाकीची मुले चहाची वाट पाहत होती, हा वहीत उतरवून घेत होता. या वैशाखात त्याने एक उद्योग केला. दुपारी चारला डोक्याला दुपट्टा बांधून तो तांड्यावरच्या सात घरांत जाई. सातही घरांत एकेकटी म्हातारी माणसे. माठात पाणी आहे का पाही, नसले तर आणून टाकी, ओला पंचा अंगावर घ्यायला लावी, आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारी: आज वार कोणता? भान ठिकाणावर आहे की नाही, हे त्यावरून कळते असे त्याने वहीत लिहून घेतले होते.

एक दिवस मी त्याच्याबरोबर गेलो. सहा घरांत बरोबर उत्तरे मिळाली; एका आजोबांनी तर तिथीही सांगितली. सातव्या घरात एक आजीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ‘याडी, आज वार कोणता?’ त्याने विचारले. त्या काही बोलल्या नाहीत. त्याने पुन्हा विचारले. माझ्या छातीत धस्स झाले. मी कळशीकडे वळलो. तेवढ्यात त्या त्यांच्या बोलीत काही तरी ठसक्यात म्हणाल्या आणि तो मोठ्याने हसू लागला.

‘काय म्हणाल्या रे?’

‘त्या म्हणते सर, रोज येऊन वारच इचारतो. एवढं शिकून तुले वार पाठ होत नाही काय?’